मादाम, तुमच्या पेन्सिलीसाठी

मादाम,

सप्रेम नमस्कार. हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला ते वाचता येणार नाही. लेक वाचून दाखवेल आणि तिला जमेल तसं फ्रेंचमध्ये सांगेल. फ्रेंचमध्ये आभार मलाही मानता येतात, पण ते वाण्याच्या गल्ल्यावर मानतात तेवढेच. शिवाय आपल्या मराठी मंडळींनीही हे वाचावं असं वाटतं, म्हणून उघड लिहिते आहे.

त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी मॉन्ट्रियलमध्ये गोडा मसाला आणि मेतकूट करून विकते. कॅनडात पाकिटावर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही लागतं, आणि आमच्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांतात फ्रेंच बारीक अक्षरात कोपऱ्यात ढकलून चालत नाही. पुष्कळजण यावर कुरकुर करतात. मी नाही करत. चहूबाजूंनी इंग्रजीनं वेढलेल्या या लोकांनी 1961 मध्ये आपल्या भाषेसाठी सरकारी कार्यालय काढलं, 1977 मध्ये कायदा केला. ईमेलला इथे रुळलेला ‘कुरिएल’ हा शब्द पुढे 2003 मध्ये फ्रान्सनंही सरकारी म्हणून घेतला. फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या लाल पाटीवर ‘स्टॉप’ असतं, इथे ‘आरे’ लिहितात, म्हणजे फ्रेंचमध्ये ‘थांबा’. फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश ज्या शिवाजी महाराजांनी करवून घेतला, त्यांचं नाव घेणाऱ्यांनी याला नाकं मुरडावीत हे काही मला पटत नाही.

माझी अडचण वेगळी होती. मसाल्याची नावं मला मराठीत येतात. त्यांची इंग्रजी नावं दुकानातल्या पाकिटांवरून उचललेली, आणि त्या इंग्रजीवरून फ्रेंच करायचं. दोन उड्यांत वस्तू कुठल्या कुठे जाते! एका भाषांतर करणाऱ्या कंपनीनं शब्दागणिक पैसे घेऊन हे काम केलं. मेतकुटातल्या हरभऱ्याच्या डाळीला इंग्रजीत ‘बेंगॉल ग्रॅम’ म्हणतात, उडदाला ‘ब्लॅक ग्रॅम’. त्यांनी चक्क वजनाचे ग्रॅम केले. माझ्या मेतकुटात बंगालचे ग्रॅम आणि काळे ग्रॅम! दगडफुलाचं झालं ‘फ्लर द पिएर’, दगडाचं फूल. मी विचारलं तर उत्तर आलं की आमच्या तज्ज्ञांनी तपासलं आहे. आपल्यातले शहाणे त्यांच्या वरचढ: “अगं, पाकिटाची मागची बाजू वाचतंय कोण? फोनमध्ये टाक, येईल ते छाप.” मागची बाजू कोण वाचतं ते मला ठाऊक आहे. ज्याच्या पोराला तिळाची किंवा मोहरीची अ‍ॅलर्जी असते, तो वाचतो.

मग लेकीच्या मैत्रिणीची आजी म्हणून तुम्ही भेटलात. आयुष्यभर परिभाषेचं, म्हणजे कुठल्या वस्तूला कुठला शब्द हे ठरवायचं काम करून निवृत्त झालेल्या. मी माझी इंग्रजी यादी पुढे केली, ती तुम्ही न बघताच बाजूला सारलीत आणि म्हणालात, “शब्द नकोत, मला वस्तू दाखवा.” मी प्रत्येक जिन्नस लहान पिशवीत घालून आणला. तुम्ही एकेक पिशवी उघडून आधी वास घेतलात. तमालपत्राचं पान खिडकीपाशी धरलंत. त्याला देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन शिरा. कंपनीनं त्याला ‘लोरिए’ म्हटलं होतं, कारण इंग्रजीत दोन्ही ‘बे लीफ’. पण लोरिएच्या पानाला मधोमध एकच शीर असते आणि ते झाड वेगळं. आपलं तमालपत्र दालचिनीच्या जवळचं. तुम्ही ते पान चुरगाळून माझ्या नाकाशी धरलंत, जणू मलाच पहिल्यांदा दाखवत होतात.

उडदावर तर तुम्ही अख्खी संध्याकाळ घालवलीत. त्याच्या शास्त्रीय नावात ‘मुंगो’ आहे, पण इथल्या दुकानात ‘आरीको मुंगो’ म्हटलं की लोक मूग घेतात. म्हणून तुम्ही ‘आरीको उर्द’ लिहिलंत. हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर भिंगातून वाचून विचारलंत, “यात गव्हाचं पीठ आहे, ते सांगितलंय का कुणी?” कुणीच सांगितलं नव्हतं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तुम्ही हुशार आहात हे तुम्हाला कुणीही सांगेल.

पुढच्या आठवड्यात पिशव्या परत आल्या, तेव्हा प्रत्येकीला एक चिठ्ठी टाचलेली होती. वर मी सांगितलेलं मराठी नाव रोमन अक्षरांत, खाली शास्त्रीय नाव, त्याखाली फ्रेंच. सगळं पेन्सिलीनं. मी विचारलं, पेनानं का नाही? तुम्ही म्हणालात, “मसाला तुमचा आहे. माझं पटलं नाही तर तुम्हाला खोडता आलं पाहिजे.” आणि नागकेसराच्या चिठ्ठीवर फ्रेंच नावाच्या जागी फक्त प्रश्नचिन्ह होतं. कारण बाजारात नागकेसर म्हणून एकाहून जास्त झाडांच्या कळ्या विकल्या जातात, आणि माझ्या पिशवीतल्या कळ्या कोणत्या, याची तुम्हाला खात्री नव्हती. तुम्ही खोटं नाव ठोकून दिलं असतंत तर मला कळलंही नसतं.

मादाम, मी घरी येऊन ती चिठ्ठी हातात धरून रडले. लेकीला वाटलं काम बिघडलं. तिला कसं सांगू, या देशात आल्यापासून माझ्याशी बोलणारा जो तो खात्रीनंच बोलत आला. खिडकीमागचा माणूस, कंपनीचे तज्ज्ञ, घरी येऊन चहा पिता पिता सल्ले देणारे आपले लोक. मला माझ्या वस्तूबद्दल जास्त कळतं असं धरून चालणारं कुणी नव्हतं. तुमच्यासारखी माणसं सगळ्या भाषांमध्ये असणार. आमच्याकडेही होती, गावातले जुने वैद्य पान हातात घेतल्याशिवाय नाव सांगत नसत. अशी माणसं असतात म्हणून तर परक्या मुलखात दुकान थाटायचा धीर होतो.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. आता निदान मसाला तरी नाकारू नका. डबा लेकीबरोबर पाठवते आहे. भाजी शिजत आली की घाला, तेलात जळू देऊ नका. तुमच्या त्या मांसाच्या पायमध्ये, टुर्तिएरमध्ये, लवंग-दालचिनी पडतेच, त्यात चिमूटभर घालून बघा आणि कसं लागलं ते खरं सांगा. तुम्ही मला ‘तू’ म्हणायला सांगितलंत, इथे तशीच रीत आहे हेही कळतं, पण माझ्या तोंडून ते काही यायचं नाही. तेवढं सांभाळून घ्या.

नागकेसर तूर्त मसाल्यातून काढलं आहे. गावाहून ओळखीच्या झाडाचं मागवलंय, आलं की दाखवते.

आणि हो, थालिपिठाची भाजणी करायचं मनात आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, इंग्रजीत सगळ्यांना सर्रास ‘मिलेट’ म्हणून मोकळे होतात. पिशव्या भरून ठेवल्या आहेत. मंगळवारी येऊ का?

तुमची,
गोडा मसालावाली