समुद्राचा अभ्यास त्र्यंबकपासून सुरू करा

प्रति,
मा. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. समुद्राविषयी नाशिककरानं पत्र लिहावं याचं आपल्याला नवल वाटेल. पण ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी 1465 किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, आणि तिथल्या जिवाणूंबद्दल आता जे कळलं आहे त्याचा संबंध नदीकाठच्या शेतांशी आणि गटारांशी आहे.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनी मिळून 2017 मध्ये एक महत्त्वाचं संशोधन प्रसिद्ध केलं. उपसागराच्या मधल्या थरात ऑक्सिजन जवळजवळ संपलेला आहे. नायट्रेटपासून नायट्रोजन वायू तयार करू शकणारे जिवाणूही तिथे आहेत. पण साध्या उपकरणांना कळणारही नाही इतका जो किंचित ऑक्सिजन उरला आहे, त्यामुळे त्यांचं काम अडून राहिलं आहे. अरबी समुद्रात हीच प्रक्रिया मोठ्या प्रमाणावर चालते. उपसागरातला तो उरलासुरला ऑक्सिजनही गेला, तर तिथेही ती जोर धरेल आणि समुद्रातल्या नायट्रोजनचा जमाखर्चच बदलेल. नद्यांतून खतं आणि मैलापाणी जास्त आलं की सूक्ष्म शेवाळ माजतं, मरून खाली बसतं आणि कुजताना ऑक्सिजन संपवतं. म्हणून मला धास्ती वाटते.

नांदूर मध्यमेश्वरला जाऊन पाहा. रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळालेल्या त्या जलाशयावर पाणवेलींचा हिरवा थर पसरतो, तो पाण्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटवरच. त्यातलं बरंचसं पुढे जायकवाडीत अडतं, हे मान्य. पण पुराच्या वेळी दरवाजे उघडतात तेव्हा पुढे किती जातं, हेच मोजायला हवं.

आमचे विद्यार्थी रामकुंडाखालचं पाणी आणून जिवाणू वाढवायच्या आगरच्या प्लेटवर पसरतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या पांढऱ्या-पिवळ्या वसाहती मोजतात. पण पाण्यातल्या शंभर जिवाणूंतला जेमतेम एखादाच प्लेटवर वाढतो. समुद्रातला सार-11 हा गट 1990 मध्ये केवळ जनुकीय खुणेवरून ओळखला गेला. तो प्रयोगशाळेत वाढवायला 2002 उजाडलं. आज तो समुद्रातल्या सर्वाधिक संख्येच्या जिवाणूंमध्ये गणला जातो. ‘तारा’ या संशोधन जहाजाच्या मोहिमेनं समुद्रातून गोळा केलेल्या नमुन्यांतून तर 2015 मध्ये सुमारे 4 कोटी जनुकांची यादी हाती आली. पाण्यातला डीएनए थेट वाचल्याशिवाय हे कळलंच नसतं, आणि नदीचंही तसंच आहे.

2021 मध्ये मंजूर झालेल्या 4077 कोटींच्या खोल समुद्र मोहिमेत सागरी जैवविविधतेचा अभ्यासही आहे. त्याला गोदावरीची जोड द्या. त्र्यंबक, नांदूर मध्यमेश्वर, पैठण, नांदेड, राजमहेंद्री आणि नदीचं मुख इथे दरमहा नायट्रेट, फॉस्फेट, विरघळलेला ऑक्सिजन आणि सूक्ष्मजीवांचा डीएनए तपासला जावा. 2027 मधल्या सिंहस्थातील स्नानांपूर्वीचे आणि नंतरचे नमुने तर हवेतच. ती संधी पुन्हा बारा वर्षांनीच येईल.

नमुने घ्यायला आणि पाणी गाळायला आमचे विद्यार्थी आहेत. गाळणीचे कागद, शीतपेट्या आणि नमुने थंड ठेवून गोव्याला पोहोचवण्याची सोय एवढं आपल्या मंत्रालयानं द्यावं, ही विनंती.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक शिक्षिका,
नाशिक