टेक्सासबद्दल लिहिताय तर दारोदार फिरलेल्यांना विचारून लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला टेक्सासवरचा लेख वाचला, रात्री परत वाचला आणि राहवेना म्हणून लिहितेय. 2018 ला रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ यांच्यासमोर डेमोक्रॅट बेटो ओ'रूर्क सिनेटसाठी उभे राहिले, ते सगळं प्रकरण लेखकांनी दोन वाक्यांत उरकलंय, बेटोंनी फेसबुकवर व्हिडिओ टाकले, बाहेरच्या राज्यांतून पैसा आला, आणि खाली जमिनीवर कोणी नव्हतंच. जमिनीवर आम्ही होतो हो. शुगर लँड, मिझुरी सिटी, रोझेनबर्गच्या गल्ल्यांतून ऑगस्टच्या उन्हात पाण्याच्या बाटल्या घेऊन ब्लॉकवॉक, म्हणजे दारोदार प्रचार, करणारी माणसं कुठल्या व्हिडिओतून आली नव्हती, शेजारपाजारची होती, नर्सा, रिटायर्ड शिक्षक, कॉलेजची पोरं, आमच्यासारख्या देशी बायका. शेवटी शेवटी तर लोकांनी स्वतःच्या घराचे हॉल प्रचाराच्या ऑफिससाठी उघडून दिले होते.

पैशाचं म्हणाल तर जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत 3 कोटी 81 लाख डॉलर जमले हे खरंय, पण तो पैसा 8 लाखांवर देणग्यांतून आला हे लेखकांनी का लिहिलं नाही? भागाकार केला तर एकेका देणगीला पन्नास डॉलरसुद्धा होत नाहीत. पॅककडून, म्हणजे कंपन्या आणि संघटनांच्या राजकीय निधी समित्यांकडून, काही घ्यायचं नाही हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं आणि शेवटपर्यंत पाळलं. आणि 254 च्या 254 काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, माणूस स्वतः गेला, जिथे अगदी मोजके लोक राहतात अशा लव्हिंग काउंटीतसुद्धा, हे फक्त फेसबुकवर बसून होतं का?

हरले ते, मान्य. क्रूझना 50.9 टक्के, बेटोंना 48.3. पण हेच क्रूझ 2012 ला जवळजवळ 16 टक्क्यांनी निवडून आले होते हे लक्षात घ्या. 2014 च्या मध्यावधीत, म्हणजे अध्यक्षपदाची निवडणूक नसलेल्या वर्षी, अख्ख्या टेक्सासात 47 लाखांच्या आसपास मतं पडली होती, 2018 ला ती 83 लाखांच्या वर गेली. हे जास्तीचे लोक कोणीतरी घराबाहेर काढले ना? त्याच दिवशी डॅलसमध्ये डेमोक्रॅट कॉलिन ऑलरेडनी रिपब्लिकन खासदार पीट सेशन्सना पाडलं, ह्यूस्टनमध्ये लिझी फ्लेचरनी तसंच कल्बरसनना पाडलं, राज्याच्या हाउसमधल्या, म्हणजे विधानसभेतल्या, 12 जागा डेमोक्रॅट्सकडे फिरल्या. लेखक म्हणतात ऑलरेड 2024 ला क्रूझसमोर आठेक टक्क्यांनी हरले म्हणजे 2018 वायाच गेलं. अहो पण ऑलरेड काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, पोचले तेच 2018 मुळे! एक गोष्ट मात्र त्यांनी बरोबर लिहिलीय, सीमेकडच्या काउंट्यांत बेटो कमी पडले, मार्चच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, तिथल्या काही काउंट्या त्यांनी गमावल्या होत्या, आणि तिथे आधीपासून माणसं उभी करायला हवी होती हे आम्ही तेव्हाही म्हणत होतो.

पण माझं डोकं फिरलं ते शेवटच्या परिच्छेदाने. म्हणे "तिथली मराठी मंडळी या सगळ्यापासून लांब राहिली, त्यांना रसच नव्हता". रस नव्हता? आम्हाला टेबल टाकू दिलं नाही!

इथे दुसऱ्यांची मतदार नोंदणी करून घ्यायची तर काउंटीचं ट्रेनिंग घेऊन डेप्युटी रजिस्ट्रार व्हावं लागतं, सर्टिफिकेट मिळतं, भरलेला फॉर्म 5 दिवसांत काउंटीत नेऊन द्यावा लागतो, नाही दिला तर गुन्हा. मी ते सगळं रीतसर केलं होतं. गणपती सप्टेंबरमध्ये, नोंदणीची शेवटची तारीख 9 ऑक्टोबर, आरतीला शेकडो लोक येणार, त्यातले कितीतरी सिटिझन होऊन दहा-पंधरा वर्षं झालेले पण नाव कधी नोंदवलेलंच नाही. मी आमच्या मंडळाच्या कमिटीला विचारलं, चपलांच्या रॅकजवळ एक टेबल द्या, बाकी काही नको. उत्तर आलं, ताई, देवाच्या दारात राजकारण नको. मी समजावून सांगितलं की बेटोंचा टीशर्ट घालणार नाही, बॅनर नाही, कोणाचं नावसुद्धा घेणार नाही, आणि टेक्सासच्या नोंदणी फॉर्मवर पक्षाचा रकानाच नसतो तर राजकारण करणार कुठून? तरी नाही. पार्किंगमध्ये उभी राहिले तर तिथूनही एक दादा येऊन म्हणाले, कशाला उगाच, आपण इथे पाहुणे आहोत. ज्या माणसाने हात वर करून या देशाची शपथ घेतलीय तो कुठला पाहुणा? आणि याच मंडळाने दोन वर्षांपूर्वी इथल्या एका नेत्याला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं होतं, ते राजकारण नव्हतं वाटतं.

मग एका देशी ग्रोसरीवाल्याने दुकानाबाहेर उभं राहू दिलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही. तिथे एक काकू भेटल्या, हातात मेथीच्या जुड्या, सिटिझन होऊन बरीच वर्षं झालेली. म्हणाल्या, नको बाई, नाव घातलं की कोर्टात खटल्याच्या ज्युरीला बोलावतात. मी विचारलं, काकू गाडी चालवता ना? लायसन्स आहे ना? मग तुमचं नाव ज्युरीच्या यादीत तसंही असणार, ती यादी लायसन्सवरूनही बनते. काकू बघतच राहिल्या. म्हणाल्या, म्हणजे इतकी वर्षं मी उगाचच मत दिलं नाही? तिथेच पिशवी खाली ठेवून फॉर्म भरला, नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं, त्यांचाही भरला. पुढे अर्ली व्होटिंगला, म्हणजे निवडणुकीच्या दिवसाआधीच्या मतदानाला, लायब्ररीत रांगेत दिसल्या, छान साडी नेसून आल्या होत्या. मत कोणाला दिलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, तो त्यांचा हक्क. अशा किती काकू त्या मंडळाच्या हॉलमध्ये आरती म्हणून, प्रसाद घेऊन घरी गेल्या असतील, ते आठवलं की मला आजही राग येतो. आणि त्यांना रस नव्हता असं तुमचे लेखक तिकडे बसून लिहितात.

त्याच बॅलटवर आमच्या भागातून काँग्रेससाठी डेमोक्रॅट श्री प्रेस्टन कुलकर्णी (श्री हे नावातलंच) उभे होते, वडील भारतातून आलेले. त्यांच्या प्रचारात डझनाहून जास्त भाषांत फोन केले जात होते. 2016 ला रिपब्लिकन पीट ओल्सननी ती जागा 19 टक्क्यांनी जिंकली होती, कुलकर्णींनी फरक 5 टक्क्यांच्या आत आणला. काउंटीच्या मुख्य पदावर, म्हणजे काउंटी जज म्हणून, केरळहून आलेले के. पी. जॉर्ज निवडून आले. मराठी वर्तमानपत्रातल्या टेक्सासवरच्या पानभर लेखात कुलकर्णी या नावाचा उल्लेखही नाही, हे मला समजत नाही. निदान आडनाव बघून तरी कोणी शोधायला हवं होतं.

आणि हो, फोटोखाली "सिनेटर ओ'रूर्क" छापलंय. ते सिनेटर कधीच नव्हते, एल पासोहून काँग्रेसच्या हाउसवर, म्हणजे कनिष्ठ सभागृहावर, निवडून गेले होते. सिनेटर व्हायलाच तर ते उभे होते, अख्खा लेख त्यावर आहे आणि फोटोची ओळ लिहिणाऱ्याने लेख वाचलाच नाही हे स्पष्ट दिसतंय. दुरुस्ती छापावी ही विनंती. मागच्या वेळी माझ्या पत्राचा मधला भाग कापला होता, या वेळी जागा कमी पडली तर बेटोंचे आकडे कापा, पण नोंदणीचं आणि ज्युरीचं तेवढं ठेवा, कारण तुमचा ई-पेपर इथेही पुष्कळ लोक वाचतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांची नावं अजून यादीत नाहीत.

आपली,
एक वाचक, शुगर लँड, टेक्सास