युद्धकैद्याला तारीख मिळते, म्हापशातल्या स्थानबद्धाला नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

व्हिसाची मुदत संपलेला परदेशी गोव्यात हणजुणे-हरमलच्या बाजूला सापडला, की ‘त्याला कसले आलेत हक्क?’ हा सूर लागतोच. भाषण-संचारासारखी स्वातंत्र्ये देणारे घटनेचे कलम 19 फक्त नागरिकांसाठी आहे, हे खरे. पण 14 (कायद्यापुढे समानता), 21 (जीवित व स्वातंत्र्य) आणि 22 (अटकेतले संरक्षण) ही कलमे ‘व्यक्ती’ला आहेत. अटकेचे कारण कळणे, वकील गाठता येणे, 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहणे हे परदेशी माणसालाही लागू आहे. शत्रुराष्ट्राचा नागरिक आणि प्रतिबंधक स्थानबद्ध (गुन्हा घडण्याआधीच खबरदारी म्हणून डांबलेला) एवढेच कलम 22(3)चे अपवाद. त्यांनाही 21 आहेच, आणि 1978च्या 44व्या दुरुस्तीनंतर ते आणीबाणीतही स्थगित करता येत नाही.

शत्रूचेच घ्या. 1949च्या चौथ्या जिनिव्हा करारानुसार, युद्धकाळात आपल्या देशात असलेल्या शत्रू-नागरिकाला छावणीत ठेवले तर न्यायालयाने किंवा मंडळाने वर्षातून किमान दोनदा फेरतपासणी करायची. युद्धकैद्याला लढाई थांबताच परत धाडायचे. डिसेंबर 1961मध्ये गोव्यात तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक कैद झाले. मे 1962मध्ये ते मायदेशी निघाले.

घोळ शांततेच्या काळात होतो. खटल्यात जामीन मिळतो, पण व्हिसा संपलेला. मग रवानगी म्हापशाच्या स्थानबद्धता केंद्रात. हा हुकूम प्रशासनाचा, त्यामुळे रिमांडसारखी पुढची तारीख पडत नाही, आणि ठरावीक मुदतीने आढावा घेण्याची सक्ती विदेशी नागरिकांच्या कायद्यात नाही. देश सोडू म्हटले तर खटला प्रलंबित, पासपोर्ट मुद्देमालात. खटला मिटला आणि पासपोर्टच सापडेना, तर दूतावासाने ओळख पटवून तात्पुरता प्रवास-दाखला दिल्याशिवाय तिकीट काढता येत नाही. दूतावास ढिम्म, तर माणूस आतच.

म्हणून वकिलांनी जामीनअर्जातच राहण्याची जागा आणि व्हिसाचा प्रश्न मांडावा. परदेशी आरोपीला जामीन दिल्यास परदेशी नोंदणी अधिकाऱ्याला कळवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025मध्ये सांगितलेच आहे. निकाल लागताच पासपोर्ट परत मिळण्याचा अर्ज वेगळा द्यावा; निकालपत्रात त्याचा उल्लेख राहून गेला की महिने जातात. कोठडीतल्या कोणालाही विधी सेवा कायद्याच्या कलम 12 खाली वकील फुकट मिळतो. त्यात नागरिकत्वाची अट नाही. पर्वरीला हायकोर्टात हेबिअस कॉर्पसचा (बेकायदा कोठडीतून सुटकेच्या याचिकेचा) मार्गही खुला आहे.

दूतावासाला कळवण्याबाबत मात्र जपून. वाणिज्य दूतावासांबाबतच्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36नुसार हा हक्क आधी कैद्याला सांगायचा आणि त्याने मागितले तर कळवायचे. स्वतःच्या सरकारपासून पळून आलेल्याचा पत्ता परस्पर त्याच सरकारला गेला, तर मायदेशी त्याच्या घरच्यांवर बेतते. पाकिस्तानच्या कैदेतल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात 2019मध्ये आपण जिंकलो, ते याच कलमावर!

गृहखात्याने निदान एवढे करावे: दर तीन महिन्यांनी प्रत्येक स्थानबद्धाचा लेखी आढावा घ्यावा, त्याची प्रत त्याला समजणाऱ्या भाषेत द्यावी, आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला आठवड्यातून एक दिवस केंद्रात बसू द्यावे.

– एक वाचक, पर्वरी