भूपातला निषाद आणि बारा गळे

दादर, मुंबई

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

चार भागांच्या वृंदासाठी लिहिलेली तुझ्या अभंगाची स्वरलिपी मिळाली. तंबोरा लावून सोप्रानो-आल्टो या बायकांच्या आणि टेनर-बास या पुरुषांच्या, अशा चारही ओळी एकेक करून गाऊन पाहिल्या. चाल भूपातली, नितळ आहे. पण तिसऱ्या कडव्याच्या शेवटी टेनरला शुद्ध निषाद दिलास, तिथे अडखळायला झालं. का दिलास ते कळतं. प-नी-रे वाजल्याशिवाय 'सा'वर परतल्याचं समाधान होत नाही, असं तिकडच्या, पाश्चात्त्य संगीताच्या शिक्षणानं कानाला लावलेलं वळण आहे. पण भूपात तो नी आला की भूप उरत नाही. श्रोत्याला रागाचं नाव माहीत नसलं तरी काहीतरी परकं शिरलं, एवढं त्याला नक्की कळतं.

सा रे ग प ध या पाच स्वरांत पूर्ण तिहेरी कॉर्ड, म्हणजे सप्तकातले एकाआड एक तीन स्वर एकत्र, दोनच होतात, सा-ग-प आणि ध-सा-ग. रे धरून करायला गेलीस तर म लागतो, प धरून करायला गेलीस तर नी लागतो. म्हणून वृंदासाठी भूप बांधताना गंधाराच्या अंतराच्या, म्हणजे सा ते ग एवढ्या अंतराच्या जोड्या शोधत बसू नकोस. रागाच्या शिडीवर एक पायरी गाळून वरचा स्वर घे: सा-ग, रे-प, ग-ध, प-सा, ध-रे. यात सा-ग एवढीच जोडी गंधाराच्या अंतराची, बाकी चारही मध्यमाच्या, म्हणजे सा ते म एवढ्या अंतराच्या. नाद मोकळा, तंबोऱ्याच्या जवळचा येतो. 'सा'वर परतायला रे-प-ध यांचा गुच्छ घे आणि तो सा-ग-प वर उतरव. ओढ पुरेशी लागते.

या गुच्छात एक खड्डा आहे, आणि तुझ्या कागदावर तू नेमकी त्यातच पडली आहेस. बासला रे दिलास, सोप्रानोला ध. एका अर्धस्वराचे शंभर सेंट धरले तर तंबोऱ्यातून येणारा रे 'सा'पासून 204 सेंटवर असतो, ध 884 वर. मधलं अंतर 680. शुद्ध पंचमाला 702 लागतात. म्हणजे 22 सेंट कमी, अर्धस्वराचा पाचवा भाग. गाणाऱ्यांचे कान ही जोडी आपोआप जुळवून घेतात. एकतर ध चढा लागतो, नाहीतर बास रे खाली ओढतो. बासनं ओढला की पुढचा सा त्या रेवरून मोजला जातो आणि अख्खा वृंद 22 सेंट उतरतो. तीच जागा तीन कडव्यांत तीनदा आली की 66 सेंट. मग सगळे म्हणतात, 'श्वास कमी पडला, सूर उतरला.' श्वासाचा दोष नसतो, मांडणीचा असतो. बासला रेऐवजी प दे आणि रे त्याच्या वर आल्टोला. प-रे हा शुद्ध पंचम आहे, तो हलत नाही. ध टेनरला दिलास तर 'प'ला घासून गोड खटका देतो.

तालमीत हार्मोनियम नको. तिचा ग 400 सेंटवर, कॉर्डमध्ये शांत बसणारा ग 386 वर. ते 14 सेंट ऐकून ऐकून मुलं चढा ग पाठ करतात आणि मग तो सुटत नाही. तंबोराही सतत चालू ठेवू नकोस, नाहीतर सगळे त्याच्यावर रेलतात. कडवं संपलं की पाच सेकंद लाव, किती सरकलो ते बघा, बंद कर. आणि ग एका वेळी एकाच भागाला. वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर आहे म्हणून तिघांना वाटलास तर तीन वेगळे गंधार ऐकू येतील.

षड्ज कुठला, हे मला विचारलंच नाहीस. हार्मोनियमच्या पट्ट्यांत सांगायचं तर बायकांचा काळी चार ते काळी पाच, पुरुषांचा काळी एक ते काळी दोन. एकत्र गाताना दोघांची सोय बघायची तर पांढरी दोन बरी. सोप्रानोला तार पंचमापर्यंत जाता येतं, आल्टोला मंद्र पंचमाखाली नेऊ नकोस. बासला पुरुषांच्या सप्तकातला मंद्र गंधार मिळेल, मंद्र षड्ज बहुतेकांना लागत नाही. लागला तर भाग्य समज, पण लिहून ठेवू नकोस.

आता शब्द. 'विठ्ठल' म्हणताना ट् वर जीभ टाळूला चिकटते आणि नाद पूर्ण बंद होतो. एकट्यानं गाताना ती जागा सुंदर वाटते. बारा जणांनी बारा वेगळ्या क्षणी बंद केली तर पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज येतो. म्हणून त्या बंद जागेलाही मात्रा लिही. 'वि' पाऊण मात्रा, बंद पाव मात्रा, 'ठ्ठ' उघडताना 'अ' नेमका ठोक्यावर. तुझ्या हातानं बंद आणि उघडणं दोन्ही दाखवायला हवं. शेवटचा ल सगळ्यात उशिरा, लांबवायचा असतो तो 'अ'. मराठीत दोन च आहेत हेही विसरू नकोस. 'चरण' मधला वेगळा, 'चांदणं' मधला वेगळा. वांद्र्याच्या, माटुंग्याच्या ज्या मुलामुलींना देवनागरी वाचायची सवय नाही, त्यांना रोमन लिपीतला कागद देऊन भागणार नाही. ओळी लयीत बोलून, न गाता, रेकॉर्ड करून पाठव. आठवडाभर त्यांनी नुसतं बोलावं.

मींड फक्त चालीच्या ओळीला ठेव. प ते ग मींड असेल तर तीन चतुर्थांश मात्रा प वर ठाम, शेवटच्या पाव मात्रेत घसरण, पुढच्या ठोक्यावर ग. बाकीचे भाग सरळ उडी मारू देत. सगळ्यांनी घसरायचं ठरवलं तर कॉर्ड चिखलासारखा पसरतो.

सोळा जणांचं म्हणत होतीस. मी बारा सुचवेन, प्रत्येक भागात तीन. आठ मात्र नको. एका भागात दोनच आवाज असले की एक श्वास घेतो तेव्हा अर्धा भाग गळतो, आणि दोन गळे तंतोतंत जुळणं तिघांपेक्षा कठीण असतं. व्यावसायिक म्हणायचं तर तालमीचेही पैसे द्यायचे, नुसते कार्यक्रमाचे नाहीत. पाच तालमी, एक रंगीत तालीम, एक कार्यक्रम, अशा सात हजेऱ्या. बारा जणांच्या 84. एका हजेरीला 1,500 धरलेस तर 1,26,000 रुपये, सभागृह वेगळं. सोळा जणांना हेच 1,68,000 होतात. तालीम दादरलाच ठेव. विरारचा आणि डोंबिवलीचा, दोघंही गाडी न बदलता पोचतात.

तू लिहिलंस की पूर्ण वेळचे वृंद तिकडेही डगमगताहेत. खरं आहे. 1924 पासून गाणारा बीबीसी सिंगर्स हा वृंद 2023 च्या मार्चमध्ये बंद करायचं जाहीर झालं होतं. विरोध एवढा झाला की त्याच महिन्यात माघार घ्यावी लागली. आपल्याकडे चित्रपटाच्या कोरसवर पोट भरायचं, तेही आता आटलं आहे. चार आवाज थरांवर थर रेकॉर्ड करून गर्दी उभी करतात, 'आ' आणि 'ऊ' तर कीबोर्डमधूनच निघतात. यंत्राशी त्या जागेवर भांडू नकोस, ती गेली. 'विठ्ठल'मधली पाव मात्रेची शांतता, ती माणसांचीच.

आणि नवं काय लिहायचं, याची चिंता मला सगळ्यात कमी वाटते. याच शहरात व्हिक्टर परांजोतींनी वृंदासाठी भारतीय वळणाचं लेखन केलं, सलील चौधरींनी 1950 च्या दशकात बॉम्बे यूथ कॉयर उभा केला. पण चार भागांचं कागदावर उतरलेलं तेवढंच वृंदगान, असं धरलंस तर अर्धी शिदोरी घरीच राहील. पोवाड्यात शाहिरामागे सूर धरणारे झीलकरी त्याची ओळ पूर्ण व्हायच्या आतच तिच्या शेवटच्या अक्षरावर झडप घालतात, म्हणून मध्ये पोकळी राहत नाही. दिंडीत री ओढणारे एकच चाल किंचित वेगळ्या वेळी, किंचित वेगळ्या वळणानं म्हणतात आणि तो दाट नाद होतो. हे लिहिता येतं. बारा जणांना एकच ओळ दे, पाव-पाव मात्रेनं सुरुवात पुढे ढकल, सगळ्यांना समेवर गोळा कर. अमेरिकेत 2009 साली सुरू झालेल्या रूमफुल ऑफ टीथ या आठ जणांच्या वृंदानं जगभरच्या गायनपद्धतींचे जाणकार बोलावले, संगीतकारांना गायकांशेजारी बसवलं. त्यांच्यातच गाणाऱ्या कॅरोलाइन शॉ यांच्या रचनेला 2013 चं संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. तू दोन झीलकरी आणि एक दिंडीतला विणेकरी दोन तासांसाठी बोलाव, मानधन देऊन. संगीतकाराची वही कोरी असतानाच, स्वरलिपी पुरी झाल्यावर नव्हे.

तिसरं कडवं दुरुस्त करून आधी तेवढंच पाठव. बासची ओळ स्वतः गाऊन रेकॉर्ड कर, तुझ्या सप्तकात चालेल. आणि टेनर आतापासूनच शोधायला लाग, बास मिळतील, टेनर मिळत नाहीत.

तुझी,
आई