परसातले अंजीर तोडू नका

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, की अंजिराचे झाड आता निकामी झाले आहे, फळ पाणचट लागते, उकलते आणि आत मुंग्या निघतात, तेव्हा तोडलेलेच बरे. गणपतीत आले होते तेव्हा मी ते झाड नीट पाहिले होते. बाबा, कृपा करून ते तोडू नका. दोष झाडाचा नाही.

सध्याचे फळ पावसाळी, म्हणजे खट्टा बहाराचे. त्याला उन्हाळ्यातल्या मीठा बहाराची गोडी अंजिरांसाठी नावाजलेल्या आपल्या पुरंदरातही येत नाही. शिवाय न्हाणीचे पाणी बारा महिने बुंध्याशी जिरत असल्यामुळे झाडाला विश्रांती अशी मिळतच नाही. ते पानोळ्यात वाढत राहते, आणि फळ फुगण्याच्या वेळी मुळाशी पाणी एकदम वाढले, की साल फाटते. पाऊस आपल्या हाती नाही, पण न्हाणीचा पाट आजच नारळाकडे वळवता येईल. एवढे आधी करा.

पानांच्या खालच्या बाजूला तपकिरी पुटकुळ्या दिसल्या, तो तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग आहे. फळात साखर भरते ती पानांच्या जिवावर; पाने अवेळी गळाली, तर फळ गोड व्हायचे कसे? गळलेली पाने आळ्यात कुजू न देता गोळा करून जाळावीत. सध्याची फळे संपली आणि छाटणी झाली, की त्या बुरशीवर एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचे पाणी फवारू. दहा लिटरला १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत. विळ्याचे पाते त्यात बुडवल्यावर तांबूस झाले, तर चुना कमी पडला असे समजावे. हे काम मात्र बाबांनी एकट्याने करू नये. चुना विरताना उकळतो, आणि तुमच्या डोळ्याचे ऑपरेशन होऊन अजून वर्षही झालेले नाही.

आई, बुलबुलांच्या भीतीने तू फळे कच्ची काढतेस, हे मला ठाऊक आहे. पण अंजीर आंब्यासारखे अढीत पिकून गोड होत नाही. मान झुकावी, फळ मऊ पडावे आणि देठाशी पांढरा चीक जवळजवळ दिसेनासा व्हावा, तेव्हाच ते काढावे. तोवर जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या बांधून ठेव. त्या मी शिवून पाठवते.

छाटणीसाठी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी स्वतः येईन. अंजिराला फळ नव्या फुटीवर येते, म्हणून फांद्या आखूड करताना हात आखडता घ्यायचा नाही. मात्र शिडीवर मीच चढेन. त्यानंतर दोन पाट्या शेणखत घालून ठरलेल्या दिवसांनी पाणी सुरू करू, म्हणजे शिमग्याच्या सुमारास पहिली फळे हाती येतील.

पाट वळवला, की फोन करा.

तुमची,
धाकटी