लेकीच्या क्वेकर शाळेतल्या ताईंना, मनापासून

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानून झाले, वर्षअखेरच्या कार्यक्रमात हात जोडूनही झाले, तरी बरंच बोलायचं राहिलं. शिवाय फिलाडेल्फियाच्या आसपास नव्याने आलेली मराठी कुटुंबं आता मला विचारतात, की क्वेकर या ख्रिस्ती पंथाची शाळा म्हणजे नेमकं काय असतं? म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, ते पाळलं आहे.

आम्ही पुण्याहून आलो तेव्हा लेक सातवीत जाणार होती. आमच्या शंका सरळ होत्या. चर्चची शाळा आहे का? मुलीला धर्म शिकवतील का? गणित मागे पडेल का? तुम्ही तिथे गणितच शिकवता हे कळल्यावर माझ्या नवऱ्याने तुम्हाला आधी शेवटचा प्रश्न विचारला. त्याचं उत्तर तुम्ही दिलंत, आणि उरलेल्या दोन प्रश्नांसाठी म्हणालात, "एकदा मीटिंगला येऊन बसा, मग बोलू."

मीटिंग म्हणजे क्वेकरांची एकत्र शांत बसून करायची प्रार्थना. ती पहिली मीटिंग तुमच्या शेजारी बसून पाहिली हे आमचं भाग्य. साधी लाकडी बाकं, ना मूर्ती, ना क्रूस, ना प्रवचन देणारा पाद्री. पहिलीतल्या पोरांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे येऊन गप्प बसले. मध्येच एक मुलगा उठला, दोन वाक्यं बोलला आणि खाली बसला. त्याला कोणी उत्तर दिलं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. पुन्हा शांतता. शेवटी सगळ्यांनी शेजाऱ्याशी हात मिळवले आणि मुलं वर्गाकडे पळाली.

बाहेर आल्यावर तुम्ही समजावून सांगितलंत. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या सोबत्यांनी धरलेला विचार असा, की प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे, त्यामुळे मध्यस्थ लागत नाही. म्हणून ते उमरावांपुढे टोपी काढत नसत. कोर्टात शपथ घेत नसत, कारण एरवीही खरंच बोलायचं असतं. शाळेत मुलं शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारतात, तेही याच समानतेतून आलेलं. माझ्या सासूबाई आळंदीच्या. वारीत जो तो समोरच्याला माउली म्हणतो. व्हिडिओ कॉलवर हे ऐकून त्या म्हणाल्या, "मग यात नवीन काय? पाठव तिला." शाळेतली बहुतेक मुलं क्वेकर नाहीतच, आणि कोणी कोणाला करायलाही जात नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं.

तुम्ही आम्हाला फक्त चांगलं चांगलं सांगितलं नाहीत, याचा मला फार आदर वाटतो. पेनसिल्व्हेनियात क्वेकर शाळांची परंपरा १६८९ पासूनची, पेन चार्टर शाळेपासूनची. अँथनी बेनेझे या क्वेकर शिक्षकाच्या पुढाकाराने १७७० मध्ये फिलाडेल्फियात कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा निघाली. युद्धपीडितांसाठी केलेल्या कामाबद्दल क्वेकरांच्या दोन संस्थांना १९४७ चं शांततेचं नोबेल मिळालं. हे सांगता सांगता तुम्ही हेही सांगितलंत, की कितीतरी क्वेकर शाळांनी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कृष्णवर्णीय मुलांना दार उघडलं नव्हतं. वॉशिंग्टनच्या नावाजलेल्या सिडवेल फ्रेंड्समध्ये तो प्रवेश १९५६ मध्ये सुरू झाला. स्वतःच्या परंपरेबद्दल इतकं स्वच्छ बोलणाऱ्या शिक्षकांच्या हाती मुलगी द्यावी, असं आम्हाला त्याच दिवशी वाटलं.

आता सहलीबद्दल. खरं तर त्याच्यासाठीच हे पत्र.

आठवीच्या वर्गाने आपली सहल स्वतः ठरवायची होती. हात वर करून मतदान नाही. वर्गातलीच एक मुलगी क्लार्क, म्हणजे सभा चालवणारी. तिने सगळ्यांचं ऐकायचं, सगळ्यांचा मिळून कल कुठे जातोय ते आपल्या शब्दांत मांडायचं, "असंच ना?" असं विचारायचं, आणि सगळ्यांना मान्य झालं की तिथल्या तिथे लिहून मोठ्याने वाचून दाखवायचं. समुद्रकिनारी हॉटेलात राहायचं, यावर वर्ग जवळजवळ एकमताला आला होता. तेव्हा माझी लेक, वर्गात सगळ्यांत नवी, म्हणाली, "मला हे बरोबर वाटत नाहीये. पण कारण सांगता येणार नाही."

मतदान असतं तर एका हाताला कोण विचारतो? पाच मिनिटांत विषय संपला असता. इथे क्लार्कने विषय पुढच्या आठवड्यावर टाकला. लेक घरी आली ती रडवेली. आम्हालाही काही सांगेना. वर्गात एकटी पडली तर, या काळजीने मी रात्री तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "तिला कारण विचारू नका. तिच्यापाशी कारण आहे, एवढं वर्गाला कळलंय. सध्या तेवढं पुरे."

पुढच्या आठवड्यात मुलं आधी गप्प बसली. मग एक मुलगा म्हणाला, की आमच्या घरी एवढे पैसे मागायला मला जड जातंय. त्याच्यानंतर आणखी कोणी बोललं. बोलणं समुद्रावरून खर्चावर आलं, खर्चावरून, कोणीच मागे राहणार नाही अशी सहल कुठली, यावर आलं. अखेर डेलावेअर नदीकाठी तंबू ठोकून राहायचं, स्वयंपाक आपणच करायचा, असं ठरलं. दोघांना ते पटलं नव्हतं. ती दोघं बाजूला राहिली, अडवलं नाही, आणि त्यांचं म्हणणंही नोंदीत लिहिलं गेलं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण त्या दोघांना गप्प बसवून एकमत झालं असं कोणी म्हटलं नाही.

तंबूत एका रात्री लेकीच्या मैत्रिणीने आपण होऊन सगळ्यांना सांगितलं, की पैशांची अडचण माझ्या घरी होती आणि ही कोणालाही सांगू नकोस म्हणून मीच तिला बजावलं होतं. लेकीने तो शब्द आमच्याजवळही मोडला नव्हता. तिला तो पाळता आला, कारण तुम्ही तिच्यामागे कारणासाठी लागला नाहीत. तेरा वर्षांच्या मुलीच्या 'नाही'वर इतका विश्वास मोठ्यांनी टाकलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

ही पद्धत संथ आहे. काही पालक कुरकुरतात, हे मला माहीत आहे. मुलं मोठी होण्याच्या वयात हाच वेग योग्य, असं माझं मत झालं आहे. फी भारी आहे, हेही नव्या कुटुंबांना सांगायला हवं. आर्थिक मदत असते, ती मागताना संकोच करू नका.

सासरे गेले तेव्हा नवरा तडक भारतात गेला, मी आणि लेक इथेच राहिलो. त्या आठवड्यातल्या मीटिंगमध्ये कोणीतरी उठून, या कुटुंबाला प्रकाशात धरू या, म्हणजे मनोमन त्यांच्यासाठी प्रार्थना करू या, एवढंच म्हणालं. त्याच संध्याकाळी तुम्ही पिठलं-भाताचा डबा घेऊन दारात उभ्या होतात, आणि पुढचे कित्येक दिवस वर्गातल्या पालकांनी पाळी लावून जेवण पोचवलं. ताई, त्या दिवसांत मला चूल पेटवायची ताकद नव्हती.

आणि एक राहिलंच. माझी आजी १९५०च्या दशकात सेवाग्रामला गांधीजींच्या नयी तालीम या शिक्षणपद्धतीचं शिक्षक-प्रशिक्षण घेऊन आली होती. तिच्या बोलण्यात एक इंग्रज 'मार्जरीबहन' यायच्या. त्या मार्जरी साइक्स क्वेकर होत्या, हे मला तुमच्याकडून कळलं. १९२८ मध्ये मद्रासच्या मुलींच्या शाळेत शिकवायला आलेल्या, आणि १९४९ पासून सेवाग्रामला. आजीच्या शाळेत मुलं अंगण झाडायची, सूत कातायची, आपल्या सभेत आपणच निर्णय घ्यायची. मी हे लहानपणी गोष्ट म्हणून ऐकलं होतं.

पुढच्या महिन्यात माझी आई इकडे येते आहे. आजीची सेवाग्रामची वही ती सोबत आणणार आहे आणि तुम्हाला दाखवायची म्हणते. गुरुवारच्या मीटिंगनंतर तुम्ही मोकळ्या असाल तर जेवायलाच घरी या. गुडघ्यांमुळे तिला बाकावर फार वेळ बसवत नाही, तेवढी एक खुर्ची मागच्या ओळीत ठेवता आली तर पाहा.

तुमची,
आठवीतल्या एका मुलीची आई