आई-पप्पा, चांदणी लागली पण एक कोपरा कमी आहे

प्रिय आई-पप्पा, सलाम.

फोनवर सांगितलं असतं पण पप्पांना अर्धं ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉल लावला की आम्हाला नुसतं आईचं कपाळ आणि दादाच्या हॉलमधला पंखा दिसतो, म्हणून म्हटलं लिहूनच पाठवू. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढ म्हणून सांगितलंय.

आई, गुडघ्याचे व्यायाम करतीयस ना? डॉक्टरांनी जानेवारीपर्यंत प्रवास नको म्हटलंय म्हणजे नको, नाताळला येतोच म्हणून पुण्यात दादाच्या मागं लागू नका. चिऊला समजावलंय, तिला पटलं. सनी मात्र रोज विचारतो आज्जी चालायला लागली का, जसं काय तू एक वर्षाची आहेस.

आता पप्पा, तुमच्या ट्रंकेचं सांगायचंय. आधी रागावू नका.

ऑगस्टमध्ये कोयनेतनं पाणी सोडायला लागले की आपलं काय होतं तुम्हाला माहीतच आहे, सकाळी उठलं की पहिलं आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी किती फूट झालं ते बघायचं मग चहा. ४० ला इशारा, ४५ ला धोका, सनीलापण पाठ झालंय. २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं तेव्हा चिऊ रेश्माच्या पोटात होती आणि आपण किती उशिरा घर सोडलं ते मी अजून विसरलेलो नाही, म्हणून यंदा वाटच बघितली नाही, सगळं माळ्यावर चढवलं. धान्याची पिंपं, कागदपत्रं, आणि तुमची गव्हाणीची ट्रंक. पाणी आपल्या गल्लीत आलंच नाही, प्रभूची कृपा. पण उतरवायचा कंटाळा केला आणि ट्रंक तिथंच राहिली, तिची कडी तर बसतच नाही कधीपासून.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी चर्चहून आल्यावर चिऊला घेऊन वर चढलो. झाकण आधीच अर्धं उघडं. आत टॉर्च मारला तर मनी. आणि तिची तीन पिल्लं, डोळे मिटलेली, उंदराएवढी, तुम्ही शिराळ्याहून आणून जपून ठेवलेल्या भाताच्या पेंढ्यात! योसेफ आणि मरिया कोपऱ्यात ढकललेले, एका मेंढराचा कान चावलेला. मी हात घालायला गेलो तर मनी फिसकारली आणि चिऊने माझा शर्ट धरून मागं ओढलं. म्हणाली, ह्यांना उठवलं तर आपण योसेफ-मरियेला जागा न देणाऱ्या त्या उतारशाळेवाल्यासारखे होऊ. शब्बाथ शाळेत शिकवलेलं असं अंगावर येतं बघा. मी काय बोलणार, गप खाली उतरलो.

तर यंदाची गव्हाणी उसाच्या पाचटाची आहे. कारखाने सुरू झालेत, पाचट कुठंही मिळतंय, फुकट. फक्त ते धारदार असतं, बाळाला टोचेल म्हणून सनीने त्याचा शाळेचा रुमाल खाली घातलाय, डागासकट. मला विचाराल तर दिसतंय बरं, पण तुमच्या पेंढ्याचा वास नाही.

पिल्लांचं नाव एकाचं भडंग, एकाचं बत्ताशा. तिसऱ्याचं आज्जीने ठेवायचं असं ठरलंय.

आणि शेरू. पप्पा, तुम्ही बजावून गेलेला कुत्रं दारात, घरात नाही. हरिपूर रस्त्यावरनं आणलं तेव्हा तळहाताएवढं होतं, आता ते तुमच्या कॉटखाली झोपतंय, लिहिल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहिलं. तुमची जुनी चप्पल तोंडात धरून झोपतंय. चावत नाही, नुसतं धरतं.

चांदणीचं नुकसान त्यानेच केलं. कामट्या मी तासल्या, सांगाडा तुमच्यासारखा सुतळीने बांधला, लाल-पिवळा पतंगी कागद लावला, मैद्याची खळ केली आणि वाळायला अंगणात ठेवून पाचच मिनिटं आत गेलो. बाहेर आलो तर एक अख्खा कोपरा फस्त, मिशांना लाल कागद, शेपटी हलायलीय. खळ चाटायला गेलं असणार. तुम्ही किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालता, ते मी आळसाने घातलं नव्हतं. दोन दिवस रेश्मा म्हणत होती, तुमच्या आळसाने कुत्रं वाचलं. ती कामटीपण त्याने चघळून मोडली. चार कोपऱ्यांची चांदणी लावलीय दारात, बल्ब टाकल्यावर लांबून पतंगासारखी दिसते. कॅरलवाले रात्री दीडला आले तेव्हा ढोलकी सुरू झाली की शेरूने असा सूर लावला की पोरं हसून गाणंच विसरली. शंकरपाळी संपवून मात्र गेली.

फराळ झालाय. करंज्या रेश्माने केल्या, कातण चिऊच्या हातात असल्यामुळे काही करंज्यांना दोन्ही बाजूंनी नक्षी आहे आणि तेलात फुटल्या. शेजारच्या काकूंचं दिवाळीचं ताट परत करायचं होतं त्यात चांगल्या निवडून भरल्या. आई, तुझ्यासारखं सारण जमलं नाही, खसखस कमी पडली वाटतं.

चांदणी दरवर्षी सहा जानेवारीनंतर उतरवतो, यंदा तुम्ही येईपर्यंत ठेवणार आहे. पाचव्या कोपऱ्याची कामटी तासून तुमच्या कॉटवर ठेवलीय, वर, खाली नाही. खळ तुम्हीच करा पप्पा. मोरचूद घालू नका.

तुमचा,
बाळू